इलिश की चिंगडी?

आगगाडीच्या डब्यात दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसली, की पाच-दहा मिनिटांत एकजण दुसऱ्याला विचारतोच, "आपण मूळचे कुठले?" गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की त्या आडनावाची पाळंमुळं. हा सगळा खटाटोप समोरचा माणूस चांगला आहे की वाईट हे कळावं म्हणून नसतो. तो आपल्यातला की बाहेरचा, एवढंच हवं असतं. आपल्यातला निघाला तर लगेच दशम्यांचा डबा उघडतो. बाहेरचा निघाला तरी उघडतो म्हणा, पण जरा उशिरा.

कलकत्त्यात हा प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतात. १९७८ साली नागपूरच्या महाल भागातली तेवीस वर्षांची एक मुलगी लग्न होऊन तिथे गेली. नवरा कोळसा कंपनीत होता, नागपूरच्या कचेरीत असताना दोघांची ओळख झालेली. सासर दक्षिण कलकत्त्यातल्या बिजयगड वस्तीत. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या बराकी होत्या, त्या जागेवर फाळणीनंतर निर्वासितांनी वसवलेली ही वसाहत. नवी सून बघायला शेजारणी आल्या. त्यांतल्या एका वयस्कर बाईनं हनुवटी धरून विचारलं, "इलिश की चिंगडी?" शाकाहारी घरात वाढलेल्या त्या मुलीला वाटलं, जेवायला काय हवं ते विचारताहेत. तिनं नम्रपणे सांगितलं, "काहीही चालेल." खोलीत एकदम शांतता पसरली. सासूबाईंनी घाईघाईनं सारवासारव केली, "बउमा आमची आहे. इलिश, इलिश!" मग कुठे चहाचे पेले पुढे झाले.

काहीही चालेल हे उत्तर त्या शहरात चालत नाही, हे तिला संध्याकाळी नवऱ्यानं समजावून सांगितलं.

बंगाली माणसांत दोन तट आहेत. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते घोटी. (मराठी माणसाला घोटी म्हटलं की इगतपुरीजवळचं गाव आठवतं, त्याचा इथे संबंध नाही.) पद्मा नदीपलीकडून, पूर्वेकडून आलेले ते बांगाल. घोट्यांचा मान कोळंबीचा, म्हणजे चिंगडीचा. बांगालांचा मान हिलसा माशाचा, म्हणजे इलिशचा. घोटी बाई वरणात, भाजीत चिमूटभर साखर घालते आणि खसखस वाटून भाजीला लावते. बांगाल बाईचं रांधणं झणझणीत, वर सुकी मासळी, जिच्या वासानं घोटी शेजारी खिडक्या लावून घेतात. आमटीत गूळ घालावा की घालू नये यावरून जिथे घरं ओळखली जातात, त्या महाराष्ट्रातल्या वाचकांना यात नवल वाटू नये. नागपूरच्या मुलीला तिखटाचं भय नव्हतं. काटे काढून हिलसा खायला मात्र तिला दोन वर्षं लागली. बोलीही दोन्ही तटांची निराळी. ती बंगाली शिकली ती सासूकडून, त्यामुळे तिच्या तोंडी पुस्तकी बंगालीऐवजी ढाक्याकडची बांगाल बोली बसली. घोटी दुकानदार ती ऐकून मिशीत हसत.

या दोन तटांचे दोन फुटबॉल क्लब. मोहन बागान १८८९ सालचा. त्यानं २९ जुलै १९११ या दिवशी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरातले दहा खेळाडू अनवाणी होते. त्या दिवशी हा क्लब साऱ्या देशाचा झाला, त्यात घोटी-बांगाल असा भेद कोणी केला नाही. भेद पडला नऊ वर्षांनी. १९२० सालच्या जुलैत जोडाबागान क्लबनं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बोस या खेळाडूला वगळलं. तो पूर्वेकडचा होता म्हणूनच वगळला, असं क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांचं मत पडलं. ते तडक बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. पाच वर्षांत दोन्ही क्लब कलकत्ता लीगमध्ये एकमेकांसमोर आले. तेव्हापासून या सामन्याला बंगालीत नुसतं 'बडो मॅच' म्हणतात. मोठी मॅच. कुणाकुणाची हे सांगावं लागत नाही.

एका खेळाडूला वगळण्यावरून झालेलं हे भांडण कदाचित पुढच्या पिढीत विरूनही गेलं असतं. पण १९४७ आलं. लाखो माणसं घरदार, शेतं, तळी, नारळीची झाडं मागे टाकून कलकत्त्याला आली. सियालदा स्टेशनच्या फलाटावर राहिली, मग मोकळ्या जमिनीवर झोपड्या बांधून राहिली. मूळ शहरवासीयांना ही गर्दी जड झाली, त्यांच्या बोलीची टिंगल होऊ लागली. नागपूरच्या सुनेचे सासरे १९४८ साली विक्रमपूरहून आले होते. गावाकडच्या घराचे कागद त्यांनी एका पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवले होते, ज्यांचा आता काडीचा उपयोग नव्हता. त्याच ट्रंकेत क्लबाच्या सामन्यांची जुनी तिकिटं होती. सून एकदा म्हणाली, "बाबा, कागद ठेवता ते समजतं. तिकिटं कशाला?" ते म्हणाले, "बउमा, पूर्व बंगालचं नाव नकाशावरून १९५५ साली गेलं. पूर्व पाकिस्तान झालं, मग बांगलादेश झालं. आता माझ्या देशाचं नाव उरलंय ते फक्त या तिकिटावर."

असं कोणी सांगितलं की त्या क्लबाकडे नुसता खेळ म्हणून पाहणं अवघड होतं.

आणि गंमत अशी, की ज्या निष्ठेसाठी एवढा आटापिटा, तिच्या आत डोकावून पाहिलं तर सगळा गोंधळच सापडतो. फाळणीनंतरच्या वर्षांत निर्वासितांची मान ज्यांच्यामुळे ताठ झाली, ते ईस्ट बंगालचे पाच आघाडीपटू 'पंचपांडव' म्हणून ओळखले जात: अप्पाराव, व्यंकटेश, धनराज, सालेह आणि अहमद खान. पाचांतला एकही बंगाली नव्हता, सगळे दक्षिणेकडचे! त्यांनी १९४९ साली लीग आणि शील्डबरोबर मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धाही क्लबाला जिंकून दिली. उलट घोट्यांचा मानबिंदू असलेला मोहन बागानचा 'चिनी भिंत' गोष्ठ पाल हा जन्मानं फरीदपूरचा, म्हणजे चक्क बांगाल. आणि मोहन बागान सोडून आयुष्यात दुसऱ्या क्लबाकडे ढुंकूनही न पाहिलेला चुनी गोस्वामी? त्याचा जन्म किशोरगंजचा. तोही पद्मेपलीकडचा. पुढे तर सिक्कीमचा भुतिया, इराणचा मजीद, नायजेरियाचा चिमा आणि ब्राझीलचा बारेटो हे या ना त्या तटाचे दैवत झाले. सासऱ्यांना हे दाखवून दिलं की ते शांतपणे म्हणत, "जो आमच्यासाठी गोल मारतो, तो विक्रमपूरचा."

ही वेडं कलकत्त्यातच राहिली असंही नाही. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्सचे सामने असत तेव्हा हिंदी चित्रपटसृष्टीतले बंगाली तिथे हजर. संगीतकार सचिनदेव बर्मन कुमिल्ल्याचे, म्हणून ईस्ट बंगालचे. गायक मन्ना डे कलकत्त्याचे, म्हणून मोहन बागानचे. एकानं चाल द्यायची आणि दुसऱ्यानं गायची, पण मैदानात बाजू मात्र दोन.

थट्टेतलं हे वैर घरातही येऊन बसलं होतं. थोरली नणंद बागबाजारच्या एका घोटी घरात दिली होती. मुलगा शिकलेला, नोकरी चांगली, स्वभाव सालस. सासऱ्यांनी आठ दिवस विचार करायला घेतले ते एवढ्याच कारणानं, की मुलाच्या घरी भिंतीवर मोहन बागानचा १९११ चा संघ टांगलेला होता. अखेर लग्न झालं. जामाईषष्ठीला जावई जेवायला येई तेव्हा सासूबाई मुद्दाम फक्त इलिश करत आणि तो मुद्दाम पिशवीतून कोळंबी घेऊन येई. १९५४ साली 'ओरा थाके ओधारे' या चित्रपटात घोटी-बांगाल शेजाऱ्यांच्या कुरबुरी बघून साऱ्या बंगालनं पोट धरून हसून घेतलं होतं. हे घर म्हणजे त्याचाच पुढला भाग.

पण प्रत्येक वेळी हसण्यावारी गेलं असंही नाही. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालनं मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडवला. त्या रात्री मोहन बागानच्या एका तरुण चाहत्यानं जीव दिला. बिजयगडमध्ये तेव्हा फटाके वाजत होते. सून घरात येण्यापूर्वीची ही गोष्ट, पण तिला ती पुष्कळदा सांगितली गेली. आणि गोल कोणी कोणी केले हे सांगून झाल्यावर शेवटी, आवाज खाली आणून सांगितली गेली.

स्वतः ती कोणत्या तटाची, हा प्रश्न तिला फार दिवस पडला नाही. बाटगा मोठ्यानं बांग देतो म्हणतात, तसं झालं. दोन वर्षांत ती नवऱ्याहून कडवी ईस्ट बंगालवाली झाली. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला गेली की तिथल्या मराठी बायकांना ती बांगाल-घोटी समजावून सांगे आणि त्या बायका तिला आपल्या मंडळातले तट समजावून सांगत. तेही काही कमी नव्हते. परमुलखात चार मराठी घरं एकत्र आली, की पाचव्या दिवशी त्यांत पुणेकर, वऱ्हाडकर आणि कोकणी वेगळे पडतात, ही गोष्ट तिच्या एव्हाना ध्यानात आली होती.

एकदा मात्र ती अचानक तिसऱ्याच तटात जाऊन पडली. १९८३ साली मुलगा झाला. सासूबाई त्याला मांडीवर घेऊन अंगाई म्हणत होत्या. म्हणता म्हणता थांबल्या. सुनेकडे पाहिलं, ओशाळल्या आणि दुसरंच गाणं सुरू केलं. सुनेला काही कळेना. नवऱ्यानं हसत हसत सांगितलं. बंगालमधल्या त्या घरोघरच्या अंगाईत बाळाला भीती घातलेली असते ती बर्गींची, आणि बर्गी म्हणजे मराठे. अठराव्या शतकात, १७४१ नंतरची दहा वर्षं, नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या घोडदळानं बंगालवर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या केल्या, चौथाईसाठी गावं लुटली, जाळली. भास्करपंत कोल्हटकरांना अलिवर्दी खानानं १७४४ साली बोलणी करायला बोलावून दग्यानं मारलं, हे नागपूरच्या मुलीला शाळेत असतानाच ठाऊक झालं होतं. त्याआधी त्या घोडेस्वारांनी गावांत काय केलं होतं, ते धड्यात नव्हतं. रघूजींचा वाडा तिच्या माहेराहून चालत जाण्याच्या अंतरावर होता. सणावारी त्या बाजूनं जाताना तिला अभिमानच वाटत आला होता.

त्या रात्री तिनं सासूबाईंना सांगितलं, "माँ, म्हणा तुम्ही तेच गाणं. तो अर्धा बर्गीच आहे, त्याला काय भीती वाटणार?" सासूबाई हसल्या, पण ती अंगाई त्या घरात पुन्हा म्हटली गेली नाही. पुढे शाळेत मुलांनी विचारलं तेव्हा नातवानं बिनदिक्कत सांगितलं, "बाबा बांगाल, आई बर्गी." शिक्षकांनी पालकांना बोलावून घेतलं नाही, हे नशीब.

आता १९८० सालची गोष्ट, जी खरं तर आधी यायला हवी होती.

१६ ऑगस्ट, शनिवार. लीगची मोठी मॅच ईडन गार्डन्सवर होती. बिजयगडहून नवरा निघाला, बागबाजारहून नंदेचा नवरा निघाला आणि दोघं ठरल्याप्रमाणे धर्मतल्ल्याला भेटून एकत्र गेले. तसं ते नेहमीच जात. भांडायला माणूस शेजारी हवा. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली आणि गॅलरीत दगड, विटा सुरू झाल्या. माणसं बाहेर पडायला धावली. जिने अरुंद. काहीजण कठड्यावरून खाली पडले, काहींनी उड्या टाकल्या, काही पायांखाली गेले. सोळा माणसं मेली. बहुतेक तरुण मुलं.

बिजयगडमध्ये बातमी आली ती रात्रीच्या रेडिओवर. घरात टेलिफोन नव्हता. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात होता, तिथून बागबाजारच्या एका वाण्याकडे निरोप टाकला. तिकडूनही तेच उत्तर आलं, अजून आले नाहीत. पत्नी, सासू आणि शेजारपाजारच्या दहा-बारा बायका अंगणात बसून होत्या. साडेअकराला दोघं आले. नवऱ्याच्या पायांत एकच चप्पल होती. बागबाजारच्या जावयाचा सदरा खांद्यापासून फाटलेला. गॅलरीतून उतरताना त्यांनी एकमेकांचे हात धरून ठेवले होते आणि नंतर इस्पितळात जाऊन ओळखीचं कोणी आहे का ते पाहत राहिले होते, म्हणून उशीर. तिथे आई-बाप आपापली मुलं शोधत होते. कोण कुठल्या क्लबाचा, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं, एवढंच जावई बोलला. मग त्या रात्री तो बागबाजारला गेलाच नाही. सासूबाईंनी त्याला वरणभात वाढला. कोणताच मासा शिजवलेला नव्हता.

सासरे सबंध वेळ खोलीत पाठमोरे बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की या घरातून आता कोणी मैदानावर जाणार नाही. हे जाहीरनामे टिकत नसतात. पुढच्या हंगामात ते स्वतःच रांगेत उभे होते. १६ ऑगस्टला बंगालमध्ये त्या सोळाजणांच्या आठवणीसाठी रक्तदान शिबिरं भरू लागली, आणि घरातले दोघं पुरुष दर वर्षी रक्त देऊन यायचे. रक्ताच्या बाटलीवर लाल-पिवळा किंवा हिरवा-तपकिरी पट्टा नसतो.

साधा चेंडूचा खेळ माणसाला इथवर का नेतो? मानसशास्त्रज्ञांनी याचा बराच पाठपुरावा केला आहे, आणि त्यांतल्या एकाला तो प्रश्न पुस्तकातून पडलेला नव्हता. हेन्री ताजफेल हा पोलंडचा ज्यू. पॅरिसला शिकायला गेला, फ्रेंच सैन्यात दाखल झाला आणि १९४० साली जर्मनांच्या हाती सापडला. आपण ज्यू आहोत हे त्यानं लपवलं नाही, पण पोलंडचे आहोत हे लपवलं, फ्रेंच नागरिक आहोत असं सांगितलं. या एका लेबलावर तो वाचला. युद्ध संपल्यावर घरी परतला तर घरच्यांपैकी कोणी उरलं नव्हतं. पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठात त्यानं शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला, जो १९७०-७१ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवून दोन गटांत विभागलं: तुम्हाला या चित्रकाराची चित्रं आवडली, तुम्हाला त्याची. खरं तर ती विभागणी नाणं उडवल्यासारखीच होती. गटात आणखी कोण आहे, हेसुद्धा मुलांना ठाऊक नव्हतं. मग प्रत्येकाला इतरांत थोडे पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, यात विशेष नाही. विशेष हे, की आपल्या गटाला जास्तीत जास्त पैसे मिळण्यापेक्षा दुसऱ्या गटाहून जास्त मिळण्याकडे त्यांचा ओढा होता, मग त्यापायी आपल्याच गटाचं थोडं नुकसान झालं तरी चालेल. भाऊबंदकीतले दावे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे कळायला ब्रिस्टलला जावं लागणार नाही.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, तुर्कस्तानात जन्मलेल्या मुझफ्फर शेरीफचा. १९५४ साली ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे त्यानं अकरा वर्षांच्या बावीस मुलांचं शिबिर घेतलं. दोन गट केले, त्यांच्यात स्पर्धा लावल्या. आठवड्याभरात एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग शिबिराचं पाणी बंद पाडलं, ट्रक अडकवला; सगळ्यांनी मिळून केल्याशिवाय भागणार नाही अशी कामं पुढे टाकली, तेव्हा तीच मुलं एकत्र आली. ही कथा पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षं सांगितली जाते. पण जीना पेरी या ऑस्ट्रेलियन लेखिकेनं जुने कागद धुंडाळून २०१८ साली पुस्तक लिहिलं, त्यात याच्या आधीच्या वर्षाची, म्हणजे १९५३ सालच्या शिबिराची हकीकत आहे. तिथे मुलांची आधी आपसात दोस्ती होऊ दिली होती, मग गट पाडले. भांडण लागेना. तेव्हा शिबिरातल्या मोठ्या माणसांनीच चोरून खोड्या काढल्या, म्हणजे एका गटाला दुसऱ्याचा संशय यावा. मुलांनी आपसात बोलून पाहिलं, आणि हे काम मोठ्यांचं असावं असा सरळ निष्कर्ष काढला. प्रयोग गुंडाळावा लागला.

आधीची दोस्ती भांडणाला पुरून उरते, हे एक झालं. पण मोठी माणसं आणि त्यांचा फायदा, हे प्रकरणही सोडण्यासारखं नाही. १९९८ साली एकाच मद्यसमूहानं मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही क्लबांशी भागीदारी केली. एकाच्या नावाआधी व्हिस्की, दुसऱ्याच्या नावाआधी बिअर. खाली गॅलरीत चाहते एकमेकांचे सात पिढ्यांचे उद्धार करत होते आणि दोन्ही सदऱ्यांवरची जाहिरात एकाच घरची होती. सासरे आदल्याच वर्षी वारले. १३ जुलै १९९७ ला सॉल्ट लेकवर एक लाख एकतीस हजार माणसांसमोर ईस्ट बंगालनं फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात मोहन बागानला ४-१ असं हरवलं, भुतियानं तीन गोल केले, ते त्यांनी रेडिओला कान लावून ऐकलं. त्यानंतर महिन्याभरात ते गेले. क्लबाच्या नावाआधी बिअरचं नाव त्यांना ऐकावं लागलं नाही. ट्रंक सुनेकडे आली. मोहन बागानवाल्यांवरही ती वेळ आली. २०२० साली त्यांच्या क्लबाचा दुसऱ्या संघाशी संसार लावून नावाआधी तीन इंग्रजी अक्षरं चिकटवली. चाहत्यांनी तीन वर्षं धरणं धरलं, सामने सोडले, आणि २०२३ साली ती अक्षरं काढायला लावली. बागबाजारच्या जावयानं वयाच्या सत्तरीत हातात फलक धरला होता. या एका आंदोलनाला बिजयगडचा छुपा पाठिंबा होता.

मग २०२४ चा ऑगस्ट आला. ९ तारखेला कोलकात्याच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवर असलेल्या तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाल्याचं उघडकीला आलं. शहर रस्त्यावर उतरलं. १८ ऑगस्टला, रविवारी, सॉल्ट लेकवर ड्युरँड चषकाची मोठी मॅच होती. सुरक्षेचं कारण देऊन ती रद्द झाली. दोन्हीकडचे चाहते गॅलरीत त्या मुलीसाठी फलक झळकवणार आहेत, अशी कुणकुण सगळ्यांनाच होती.

मॅच नव्हती, तरी माणसं स्टेडियमकडे निघाली. लाल-पिवळे सदरे, हिरवे-तपकिरी सदरे, तिसऱ्या मोठ्या क्लबाचे, मोहमेडन स्पोर्टिंगचे काळे-पांढरे सदरेही. एका क्लबाचा पोरगा दुसऱ्या क्लबाच्या पोराच्या खांद्यावर बसून घोषणा देत होता, तो फोटो दुसऱ्या दिवशी देशभर गेला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, काहींना गाडीत घातलं, तर दोन्ही सदरे गाडीसमोर आडवे झाले.

बिजयगडच्या त्या सूनबाई एव्हाना एकोणसत्तर वर्षांच्या होत्या, गुडघे दुखत होते. मुलगा नको म्हणत असतानाही त्या गेल्या. अंगात लाल-पिवळी ओढणी, हातात छत्री, कारण पावसाचा भरवसा नव्हता. बरोबर नणंद होती, तीही पंचाहत्तरीची, सासरच्या हिरव्या-तपकिरी रंगात. माहेर ईस्ट बंगाल, सासर मोहन बागान, अशा बाईनं कोणता रंग घालावा हा वाद दोघींत टॅक्सीत बसेपर्यंत चालला होता. स्टेडियमपर्यंत त्यांना जाता आलं नाही. बायपासच्या कडेला एका चहाच्या टपरीजवळ त्या तासभर उभ्या राहिल्या. जवळून जाणाऱ्या एका मुलीनं दोघींच्या रंगांकडे पाहिलं आणि न विचारता दोघींचे हात धरून पुढे नेलं, पन्नास पावलं. तिथून पुढे पोलिसांचा कठडा होता.

तपासाचं, खटल्याचं पुढे काय व्हायचं ते होत राहिलं. १९ ऑक्टोबरला आयएसएल स्पर्धेत दोन्ही संघ पुन्हा समोर आले. मोहन बागान २-० असा जिंकला. रात्री सामना संपून पाच मिनिटं झाली नसतील, बागबाजारहून नणंदेच्या घरून बाईंच्या फोनवर एक चित्र आलं. पितळी ताटात रचलेली लालभडक कोळंबी, बाजूला लिंबाची फोड. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. बाईंनी फोन उशीखाली पालथा घातला आणि मुलाला बजावलं, "उद्या सकाळी कोणाचाही फोन आला, तर आई देवळात गेलीय म्हणून सांग."